सोलेदादचा बाप्तिस्मा

नाव माणसाला लागतं, असं डोरोथी लोपीसचं ठाम मत होतं. जशी दृष्ट लागते, जसं ऊन लागतं, तसं. पुरावा म्हणून तिच्याकडे दोलोरीस मावशी होती. ही मावशी वसईजवळच्या निर्मळ गावात राहायची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला गेला तो परत आलाच नाही, थोरला मुलगा विहिरीत पडून गेला, आणि म्हातारपणी तिचे डोळेही गेले. शाळकरी डोरोथीने एकदा फादरांना विचारलं होतं, "दोलोरीस म्हणजे काय हो?" फादर म्हणाले होते, "दुःखं. एक नाही, पुष्कळ." ते जे तिच्या डोक्यात बसलं, ते कॅनडात अर्धं आयुष्य काढूनही निघालं नाही.

एरवी ती भाबडी बाई नव्हती. तिने बँकेत नोकरी केली, बर्फात स्वतः गाडी चालवली, एकुलत्या एक मुलाला इंजिनिअर केलं. नवरा सिरील गेला तेव्हा मुलगा कॉलिन तिला ओकव्हिलला आपल्या घरी घेऊन आला. कॉलिनची बायको मारित्सा कोलंबियातल्या पोपायान गावची. लोपीस हे आडनाव ऐकून तिच्या माहेरच्यांना वाटलं होतं, मुलगा आपल्यातलाच दिसतो. तो स्पॅनिशचा एक शब्द बोलेना, तेव्हा त्यांनी समजूत करून घेतली की बिचारा लाजाळू आहे.

सासू-सुनेचं छान जमायचं. दोघी आपसात इंग्रजी बोलत, दोघींचीही ती उसनी भाषा, त्यामुळे कोणी कोणाच्या चुका काढत नसे. डोरोथी तिला 'बाय' म्हणायची. आपल्याकडे लेकीला बाय म्हणतात हे कळल्यावर मारित्साने ते नाव फार जपलं होतं. रविवारी दोघी एकत्र चर्चमध्ये मिस्सेला जात, येताना ग्रोसरी घेऊन येत. मारित्साला दिवस गेले तेव्हा पहिली बातमी कॉलिनच्याही आधी डोरोथीला कळली होती.

नावावरून मात्र दोघींत ठिणगी पडली.

सुरुवात गमतीने झाली. मिस्सेनंतर नाश्ता करता करता कॉलिन फोनवर 'लोकप्रिय स्पॅनिश नावं आणि त्यांचे अर्थ' असं काहीतरी उघडून बसला होता आणि मोठ्याने वाचत होता.

"व्हॅलेंटिना, म्हणजे बळकट, निरोगी. पालोमा, म्हणजे कबूतर."

"कबूतर नको रे बाबा," डोरोथी म्हणाली. "घरभर घाण करतात."

"रोसिओ, म्हणजे दव. मर्सेडिस, म्हणजे कृपा." कॉलिन हसला. "मर्सेडिस ठेवलं तर मला प्लांटमध्ये उद्यापासून आत घेणार नाहीत." तो दुसऱ्याच कंपनीच्या मोटारी बनवायचा.

"आमच्या गावात बस्त्याव होता, इनास होता, पास्कू होता," डोरोथी म्हणाली. "अर्थ कोण विचारत होतं? आजोबांचं नाव नातवाला, संपला विषय."

"लुसिया," कॉलिनने वाचलं, "म्हणजे प्रकाश."

डोरोथीने हातातला कप खाली ठेवला. "हे बघ, किती गोड आहे! लुसिया लोपीस. जिभेवर कसं बसतंय बघ."

मारित्सा हसली, पण मान हलवून म्हणाली, "मम्मी, मुलगी झाली तर नाव ठरलंय. सोलेदाद. माझ्या आजीचं."

ही आजी डोरोथीला व्हिडिओवरून माहीत होती. मारित्साची आई कामासाठी स्पेनला गेली तेव्हा या आजीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. नावात वाईट काय, असा विचार करत डोरोथीने मुलाकडे पाहिलं. कॉलिनचं बोट पडद्यावर खाली खाली सरकत होतं. बऱ्याच खाली त्याला ते सापडलं, आणि तो न वाचताच थांबला.

"काय लिहिलंय?"

"एकाकीपणा," कॉलिन म्हणाला.



"ते डिक्शनरीतलं झालं," मारित्सा म्हणाली. "आमच्याकडे ते मरियामातेचं नाव आहे. येशूला थडग्यात ठेवल्यावर सगळे घरी गेले आणि ती एकटी उरली ना, त्या मातेचं. ईस्टरच्या आधी होली वीकमध्ये तिची मूर्ती खांद्यावर घेऊन निघतात. आजीने मला कडेवर घेऊन दाखवलीय."

"दोलोरीस हेही मातेचंच नाव होतं, बाय," डोरोथी म्हणाली. "माझ्या मावशीला ते पुरून उरलं."

तिला वाटलं होतं, मुलगी शहाणी आहे, हळूहळू वळेल. म्हणून ती पोटाकडे बघून गमतीगमतीत हाक मारू लागली, "काय म्हणते आमची लुसिया?" एकदा मारित्सा हसली, दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा भांडी पुसता पुसता ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, प्लीज. तिला त्या नावाने हाक मारू नका." संध्याकाळी कॉलिन आईला बेसमेंटमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, "लेट इट गो, मम्मी. नाव ठेवण्याचा हक्क तिचा आहे." डोरोथीने तोंड मिटलं. मनातलं मत काही बदललं नाही.

फेब्रुवारीत, सातवा महिना नुकता लागला असताना, एका सकाळी मारित्सा जिन्यावरच खाली बसली. कॉलिन बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढत होता. डोरोथीने काचेतून ओरडून त्याला बोलावलं. पायरीवर रक्त होतं. अँब्युलन्स आली, बर्फातून वाट काढत हॉस्पिटलला पोचली, आणि दुपारच्या आत ऑपरेशन करून मुलीला बाहेर काढलं. डोरोथीला ती दिसलीसुद्धा नाही. चार माणसं एक पेटी ढकलत लिफ्टकडे धावली, एवढंच तिला दिसलं.

मारित्साचं रक्त थांबेना. तिला पुन्हा आत नेलं. कॉलिन थिएटरच्या बंद दाराशी उभा होता, अंगात अजून बर्फ काढतानाचंच जाकीट.

"मम्मी, तू वर जा," तो म्हणाला. "बाळाजवळ कोणीच नाहीये."

वरच्या मजल्यावर शेरिल नावाच्या नर्सने डोरोथीचे हात कोपरापर्यंत धुऊन घेतले आणि तिला काचेच्या पेटीशी नेलं. आत मुलगी होती. लालसर, सुरकुतलेली, तळहातावर मावेल एवढं डोकं, त्यावर कोणीतरी विणून दिलेली टोपी. नाकात नळ्या. छाती पाखरासारखी उडत होती. डोरोथीने रोझरीची माळ काढून जपायला घेतली. अर्धी झाली असेल नसेल, तेवढ्यात यंत्र ओरडायला लागलं.

आधी तिला वाटलं, एखादी वायर निघाली असेल. पण शेरिल धावत आली, तिच्यामागे आणखी दोघीजणी आल्या. डोरोथी भिंतीला टेकली. मुलीचा रंग तिच्या डोळ्यांदेखत बदलत होता, आधी ओठ, मग हनुवटी, मग कपाळ. कोणीतरी फोनवर डॉक्टरला बोलावत होतं. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून निघाले होते.

"तुम्ही आजी ना?" शेरिलने मान न वळवता विचारलं. "तुमच्या धर्माप्रमाणे काही करायचं असेल तर... हॉस्पिटलचे फादर, चॅप्लिन, बर्फात अडकलेत. त्यांना वेळ लागेल."

या वाक्याचा अर्थ डोरोथीला बरोबर कळला. निर्मळच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं तिला स्वच्छ आठवलं. मूल जाण्याच्या बेतात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी हवं, शब्द हवेत, इच्छा हवी.

"पाणी द्या," ती म्हणाली.

शेरिलने निर्जंतुक पाण्याची प्लॅस्टिकची एक बारीक नळी तोडून तिच्या हातात दिली आणि पेटीची गोल खिडकी उघडली. "फक्त कपाळावर. थोडंसंच. नाव काय तिचं?"

नाव काय तिचं? प्रश्न साधा होता. उत्तर डोरोथीला ठाऊक होतं, ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोर निळी पडत चाललेली ती पोर, आणि तिला 'एकाकीपणा' म्हणून हाक मारून पाठवायचं? आणि तेवढ्यात, त्या भीतीच्याही खालून, आणखी एक विचार सरकन वर आला. आता अडवायला कोणी नाही.

"लुसिया," ती म्हणाली. "लुसिया, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या..." एक थेंब. "पुत्राच्या..." दुसरा. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

तिसरा थेंब कपाळावरून ओघळून कानात गेला. डॉक्टर आले, डोरोथीला बाहेर काढलं गेलं. नंतर तिला समजावून सांगितलं ते असं, की फुफ्फुसाच्या बाहेर हवा अडकली होती, ती सुईने काढली, आणि मुलगी पुन्हा गुलाबी झाली. कॉरिडॉरमध्ये डोरोथी देवाचे आभार मानत खूप रडली. मग वॉशरूममध्ये जाऊन तिने तोंड धुतलं. आरशात बघताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या रडण्यात एक चोरटं समाधानही मिसळलेलं आहे. नात वाचली याचं समाधान होतंच. दुसरं होतं ते आपलं म्हणणं खरं केल्याचं. तिला स्वतःची शिसारी आली. तिने नळ बंद केला आणि ती खाली गेली. मारित्साही वाचली होती. कॉलिन आईच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्या घटकेला कोण काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मारित्साला व्हीलचेअरवरून वर आणलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. पेटीवर नुसतं 'बेबी गर्ल लोपीस' लिहिलेलं होतं. तिने काचेवर हात ठेवला आणि हळू आवाजात स्पॅनिशमध्ये म्हणाली, "ओला, सोलेदाद. मी आले."

डोरोथी मागे उभी होती.

"काल काही झालं होतं का?" मारित्साने विचारलं. "नर्स म्हणाली, जरा जड गेलं."

"थोडा वेळ श्वास अडला होता," डोरोथी म्हणाली. "डॉक्टर आले लगेच. मी प्रार्थना करत होते."

मारित्साने मागे हात करून सासूचा हात शोधला, ओढून घेतला आणि त्यावर ओठ टेकले. "ग्रासियास, मम्मी. तुम्ही तिच्याजवळ होतात. मी नव्हते, पण तुम्ही होतात."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे आभार मात्र डोरोथीला पचेनात. शिवाय ते तिथेच संपले नाहीत. वसंत ऋतू लागला, मुलगी घरी आली, बाळसं धरू लागली, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मारित्सा तेच सांगे, मी शुद्धीवर नव्हते तेव्हा मम्मी एक क्षण हलली नाही. पोपायानच्या आजीने तर व्हिडिओवरून दोन्ही हात उंचावून डोरोथीला आशीर्वाद दिला. म्हातारी स्पॅनिशमध्ये काहीतरी बराच वेळ बोलली. मारित्साने त्याचा अर्थ सांगितला, "आजी म्हणते, माझ्या नावाच्या पोरीला तुम्ही राखलंत, तुमचे उपकार मी स्वर्गात फेडीन."

डोरोथी जेवेना झाली. नातीला मांडीवर घेतलं की तिला 'सोलेदाद' म्हणताना जीभ अडखळे, म्हणून ती 'बाळा', 'सोन्या' असंच म्हणायची. कॉलिनला वाटलं, आईला अजूनही नाव पटलेलं नाही. तो एकदा चिडून म्हणाला, "मम्मी, इट्स हर नेम. आता तरी तोंडाने घे." डोरोथीने नुसती मान डोलावली.

मे महिन्यात मारित्साने बाप्तिस्म्याचं ठरवलं. पॅरिशचे फादर स्टीव्हन, हॅमिल्टनकडचे, उंच आणि मितभाषी, त्यांनी आईबापांना आधी भेटायला बोलावलं. डोरोथी बाळाला घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसली होती. गॉडपेरेंट्स कोण, तारीख कोणती, असं सगळं झाल्यावर फादरांनी विचारलं, "बाळ बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होतं. तिथे कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता ना? कधी कधी नर्सेस देतात. बाप्तिस्मा एकदाच होतो, म्हणून विचारतो."

"नाही, फादर," मारित्सा म्हणाली. "मम्मी होत्या तिथे. काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

फादरांनी डोरोथीकडे पाहिलं. कॉलिननेही. डोरोथीने बाळाच्या अंगावरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि फादर पुढच्या प्रश्नाकडे वळले.

हॉस्पिटलमध्ये जे केलं ते घाबरून केलं, अशी समजूत ती इतके दिवस घालत आली होती. आज कसली भीती होती? आज नात मांडीवर सुखरूप झोपली होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि तिने चर्चच्या आवारात बसून तोंड मिटून खोटं सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी ती कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला, गेली. जाळीपलीकडे फादर स्टीव्हनच असणार हे तिला माहीत होतं, आणि आपला आवाज ते ओळखणार हेही. तिने सगळं सांगितलं.

"पाण्याचं काम झालं आहे," फादर म्हणाले. "मुलगी देवाची झाली. नावावाचून बाप्तिस्मा अडत नाही. आईबाप म्हणतील तेच नाव लिहिलं जाईल, त्याची काळजी करू नका."

डोरोथीने सुस्कारा सोडला.

"पण इथे ऐकलेलं मी बाहेर नेऊ शकत नाही," ते पुढे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही गप्प राहिलात तर पुढच्या रविवारी मला काहीच माहीत नसल्यासारखं त्या मुलीच्या डोक्यावर पाणी घालावं लागेल. ते नाटक असेल. चर्चमध्ये ते दोघांनाच ठाऊक असेल, तुम्हाला आणि मला. माझ्यावर ती वेळ आणू नका."

म्हणजे आपल्या गप्प बसण्यात आता एका पुरोहितालाही आपण ओढलं. डोरोथी उठून बाहेर पडली.

सोमवारी सकाळी कॉलिन कामावर गेला. मारित्सा स्वयंपाकघरात बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. डोरोथीने गॅस बंद केला.

"बाय, बस. मला तुला काही सांगायचंय."

तिने सांगितलं. यंत्र ओरडलं तिथपासून कानात गेलेल्या थेंबापर्यंत. मध्येच थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून ती थांबली नाही. मारित्सा पाठ थोपटत राहिली. मग तिचा हात थांबला.

"लुसिया," ती म्हणाली. तिने ते नाव एखादी बाहेरची वस्तू उचलून बघावी तसं उच्चारलं.

"फादर म्हणतात, नाव तुम्ही द्याल तेच राहील. मी चुकले. मला तो अर्थ..."

"मम्मी, थांबा." मारित्साने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि ती टेबलाला धरून उभी राहिली. "तुम्हाला वाटलं की ती मरतेय?"

"हो."

"पाणी मागायला वेळ होता. शब्द बोलायला वेळ होता. आणि मी एक मजला खाली होते."

डोरोथी इतके महिने नावाचा विचार करत होती. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तू ऑपरेशनमध्ये होतीस, बाय. तुला भूल दिलेली..."

"कॉलिन दारात उभा होता. हातात फोन घेऊन. एक कॉल. तो धावत वर आला असता. तिच्या बापाने तिला पाहिलं असतं, तिचं नाव सांगितलं असतं. ती गेली असती तर आम्ही दोघंही नसताना गेली असती, आणि तेही आम्ही न दिलेलं नाव घेऊन. तुम्हाला आमची आठवण झाली नाही?"

इथे डोरोथीला खोटं बोलणं सोपं होतं. घाबरले होते, सुचलं नाही, असं म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं.

"झाली," ती म्हणाली. "नर्सने नाव विचारलं तेव्हा तुझीच आठवण झाली. आणि माझ्या मनात आलं, आता तू नाही म्हणू शकत नाहीस."

मारित्सा रडली नाही, ओरडली नाही. तिने बाळाला उचललं, स्ट्रोलरमध्ये घातलं, आणि ती तळ्याच्या दिशेने निघून गेली. दुपार टळली तरी परतली नाही. तिने कॉलिनला फोन करून बोलावून घेतलं असावं, कारण संध्याकाळी तिघं एकत्रच घरी आले. कॉलिनने आईशी मराठीत भांडण काढलं, जे तो लहानपणानंतर कधी करत नसे.

"तुला किती चांगलं समजत होतो आम्ही," तो म्हणाला. "मी तुला पाठवलं होतं वर. मी!"

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाणी घातलं गेलं नाही. मारित्साने फादर स्टीव्हनना स्वतः सगळं सांगितलं होतं. आधी बाप्तिस्मा झालेल्या मुलांसाठी जे राहिलेले विधी असतात, ते त्यांनी केले. तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती पेटवली. "या मुलीला तुम्ही काय नाव दिलं आहे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मारित्साने सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "मारिया सोलेदाद." डोरोथी पहिल्या बाकावर नव्हती. तिला कोणी मागे बस म्हटलं नव्हतं. ती आपणहून मागे, खांबाजवळ बसली होती. जमलेल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्या बाईला दाराजवळची हवा बरी वाटत असेल.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. मारित्सा सासूशी आदराने वागायची, मीठ द्या, दार लावा, एवढं बोलायची, पण मुलीला तिच्याजवळ एकटं सोडायची नाही. आंघोळीला जातानासुद्धा बाळाला आत घेऊन जायची. 'उपकार' हा शब्द पुन्हा निघाला नाही. पोपायानच्या आजीचा फोन आला की डोरोथी उठून खाली बेसमेंटमध्ये जायची. मी वेगळं राहते, एखादा लहानसा कॉन्डो बघ, असं तिने कॉलिनला सांगितलं. कॉलिन हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, असं डोरोथी स्वतःला सांगायची. त्याने मन हलकं व्हायचं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी डोरोथी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मारित्सा बाळाला घेऊन आली आणि गवतावर चादर पसरून बसली.

"मम्मी," मारित्सा म्हणाली. "त्या दिवशी ती कशी दिसत होती?"

"कोणत्या दिवशी?"

"तुम्हाला माहीत आहे कोणत्या. कॉलिन तिथे नव्हता. मी नव्हते. नर्सना आता काय आठवणार? तो सगळा वेळ फक्त तुमच्याकडे आहे. मी आई आहे, तो माझा आहे. मला द्या."

डोरोथी चादरीच्या कडेला येऊन बसली. गुडघे दुखत होते, तरी खाली बसली.

"नावाचं सोडून सांगू?" तिने विचारलं.

"सगळं सांगा. तेही."

मग ती सांगू लागली. टोपी पिवळी होती आणि एका बाजूने सैल होती. कपाळावर लव होती, इतकी दाट की पाण्याचा थेंब आधी त्या लवेवर थांबला, मग खाली उतरला. खिडकीतून हात आत घातला तेव्हा आत ऊब होती, चुलीजवळ असते तशी. मुलीने एकदा मूठ उघडली होती आणि मिटली होती.

"कोणत्या हाताची?" मारित्साने विचारलं.

डोरोथीने डोळे मिटून आठवलं. "डाव्या."

मारित्साने बाळाचा डावा हात उचलला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "मला अजून राग आहे," ती म्हणाली. "तो जाईल की नाही, मला माहीत नाही."

"असू दे," डोरोथी म्हणाली. "असायलाच हवा."

"मग रंग बदलायला लागला. तो कुठून सुरू झाला?"

"ओठांपासून," डोरोथी म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.